नरकासुराचा पुकारा

चौथीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं येतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण आमच्या शेजारच्या तात्यांबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि गावात दुसरं कोणी ते करील असं वाटत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडं तुळशीपुढं डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतात. कारीट म्हणजे कुंपणावर लागणारं कडू रानफळ. त्या दिवशी तेच नरकासुर. फटकन फुटलं की 'गोविंदा, गोविंदा' ओरडायचं. सगळ्या गावातून ही आरोळी उठत असताना शेजारून मात्र दुसरीच यायची.

"नरकासुऽऽर, आईचं नाव भूमी, राहणार प्राग्ज्योतिषपूर, हाजिर हो!"

असं तीन वेळा. मग जरा थांबून, "आरोपी गैरहजर. तारीख पडली." की तात्या कारीट उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवायचे आणि आंघोळीला जायचे. फोडायचे नाहीत.

तात्या महाडच्या कोर्टात पट्टेवाले होते. अंगात खाकी कोट, छातीवर पट्टा, आणि आवाज असा की कोर्टाच्या दारातून नाव पुकारलं तर बाजारातला त्या नावाचा दुसराच माणूस धावत यायचा. पेन्शन घेऊन ते पोलादपूरच्या अलीकडं आमच्या गावी परतले, पण कोर्ट काही त्यांच्या अंगातून निघालं नाही. सणावारी ज्या कहाण्या आम्ही ऐकत आलो, त्या सगळ्यांचा तात्यांनी पुन्हा खटला उभा केला, आणि दर वेळी वकीलपत्र घेतलं ते राक्षसाचं.

पाडव्याला बळीराजाचं नाव निघालं की सुरू. "वामनाला तीन पावलं जमीन दिली म्हणतात. तो वामन बटू होता ना? म्हणजे अज्ञान. अज्ञानाच्या नावावर जमीन करायची तर पालक लागतो. पालक कोण होता, सांगा!"

गणेशचतुर्थीला चंद्र बघू नये म्हणून सासूबाई आम्हाला घरात ढकलायच्या. तात्या ओट्यावर बसून खुशाल बघायचे. "गणपती उंदरावरनं पडला, तो हसला. हसला म्हणून जन्मठेप? माझ्या सगळ्या नोकरीत असला निकाल मी ऐकला नाय!"

देवळातला गुरव एकदा चिडून म्हणाला, "तात्या, कोर्ट कधीच सुटलं, घरी जा आता."

"पेन्शन चालू हाय तोवर कोर्ट चालू," तात्या म्हणाले.

सासूबाईंशी तर त्यांची दर दिवाळीला जुंपायची. सासूबाई कुंपणावरून ओरडायच्या, "सोळा हजार बायका कोंडल्यान् मेल्यानं! त्याला काय ओवाळायचा?"

"गुन्हा कबूल, वैनी. पण त्याचं म्हणणं कोणी लिहून घेतलंन? समन्स बजावलंन?"

"मग तूच जा समन्स घेऊन, आणि तिकडंच रहा!"

मी पदर तोंडाला लावून हसायची. तेव्हा मी कोणापुढं बोलत नसे. हसू मात्र आवरत नसे.

हे नरकासुराचं वेड त्यांना आधीपासून नव्हतं. ते लागलं गजामुळं.

गजा त्यांचा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेलेली. आमच्याकडं शिमग्यात होळीसाठी लाकडं चोरायची रीत आहे. ज्याची जातात तो चार शिव्या देतो आणि गप्प बसतो, कारण होळीवर पडलेलं लाकूड परत उचलत नाहीत. पोरं कोणाच्या गोठ्याचे वासे नेतात, कोणाची मोडकी खाट. गजानं काय न्यावं? धोंडू पाटलानं नव्या घरासाठी करून घेतलेलं सागवानी दार! अंगणात टेकवून ठेवलेलं ते दार गजा आणि त्याच्या टोळीनं उचललं, आणि धोंडू पाटील पळत येईपर्यंत होळीत त्याचा कोयंडा लाल झाला होता.

पाटलानं शिव्या दिल्या नाहीत. तो थेट महाडला गेला आणि गजावर फिर्याद केली.

तात्या तेव्हा नोकरीत होते. खटला निघाला त्या दिवशी दारात तेच उभे. स्वतःच्या मुलाचं नाव त्यांनीच पुकारलं. गजा त्याच सकाळी मुंबईच्या गाडीत बसून पळाला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुकारा तीनदा करायचा असतो. आमच्या गावचे लोक तिथं होते, ते सांगतात, तिसरा पुकारा झाला, साहेबांनी पुढचा कागद घेतला, तरी तात्यांनी रस्त्याकडं तोंड करून आणखी एकदा नाव घेतलं.

त्या वर्षीपासून कारीट फुटायचं बंद झालं.

तात्यांनी मग परसातला जुना फणस तोडला. घरोघर गरे वाटायचे ते त्याच फणसाचे. त्याच्या फळ्या पाडून, सुताराला बसवून दार केलं आणि स्वतः जाऊन पाटलाच्या चौकटीला लावलं. पाटलानं फिर्याद मागं घेतली. अजून सांगतो, "दार झ्याक हाय, पण पावसात फुगतं. लाथ मारल्याबिगर उघडत नाय."

म्हणजे गजाला यायला काही आडकाठी उरली नव्हती. तरी गजा येत नव्हता. आणि बोलवायचं म्हणजे तात्यांनी आपल्या तोंडानं त्याचं नाव घ्यायला हवं होतं. ते तेवढं होत नव्हतं. जगातल्या सगळ्या असुरांची नावं ते खणखणीत घेत. हे एक घशाशी यायचं आणि माघारी फिरायचं.

आमचे हे मुंबईला गोदीत होते. एका वर्षी गणपतीला घरी आले, तेव्हा मी धीर करून विचारलं, "गजा भेटतो का तुम्हाला?"

"भेटतो की. पण गावाचा विषय काढला की चहा अर्धा टाकून उठतो. म्हणतो, तात्याचं नाक कापलं मी कोर्टात, आता काय तोंड दाखवू?"

"मग एक निरोप सांगाल?"

मी निरोप सांगतेय याचंच ह्यांना नवल वाटलं. "सांग."

"सांगा, पाटलाचं दार लागलंय. आणि म्हणावं, नरकासुर एवढा वाईट, पण तुमच्या अंगणात त्याचं कारीट अजून फोडत नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला कळेल."

दिवाळी आली. पहाटे मी चूल पेटवून पाण्याचा हंडा चढवला. गावात गोविंदा गोविंदा सुरू झालं. आमचंही कारीट फुटलं. शेजार मात्र गप्प. सासूबाई कान देऊन उभ्या राहिल्या. मग त्यांचाच चेहरा उतरला.

"आज पुकारा नाय तो? जा गो, बघून ये. म्हातारा पडलाबिडला काय?"

मी पणती घेऊन कुंपणाशी गेले. तात्यांच्या अंगणात पाटावर एक दांडगा माणूस उघडा बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, मान खाली घालून. तात्या मागं बसून त्याच्या पाठीला उटणं चोळत होते. चोळत कसले, भांडं घासावं तसे घासत होते.

"तात्या, सोलताव काय मला?"

"गप बस. मुंबईत पाणी नाय मिळत? मान बघ कशी झालीय ती."

"रात्री आलो तेव्हापास्नं बोललाव नाय, आणि आता मानेवर आलाव."

"हात वर कर."

गजानं हात वर केला. तात्यांनी मला पाहिलं, पण हात थांबवला नाही. "सूनबाई, तुमच्याकडं ऊन पाणी हाय काय गो? माझं घंगाळ संपलं. ह्याला पुरायचं नाय."

नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत आंघोळ झाली नाही तर माणूस नरकात जातो, असं म्हणतात, आणि सासूबाई आम्हाला त्यासाठी काळोखात पाय ओढून उठवायच्या. आमच्या घरात अजून एकाचीही आंघोळ झाली नव्हती. मी परत येऊन त्यांना सांगितलं, गजा आलाय, तात्या पाणी मागतायत.

त्यांनी एकदा पूर्वेकडं बघितलं, एकदा हंड्याकडं.

"ने," त्या म्हणाल्या. "सगळाच ने."

दोघींनी मिळून हंडा कुंपणापलीकडं दिला. मग आम्ही सगळी घरची माणसं, तेल लावलेली, पायरीवर बसून राहिलो. डोंगरावर उजाडलं, उन्हं अंगणात आली, आणि शेजारून पाणी ओतल्याचा आवाज येतच होता.