पाठीखालचा कागद

कुणाच्याही घरी गेलं की लोक आधी पाणी विचारतात. शेडगे अण्णा आडवं व्हायला सांगतात.

"या पेडणेकर. पडा."

आपण लग्नाची पत्रिका द्यायला आलोय की आज नळाला पाणी का नाही हे विचारायला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. हॉलमध्ये सतरंजी कायमची अंथरलेली. पाहुण्यानं तिच्यावर उताणं पडायचं, गुडघे दुमडून पावलं जमिनीला टेकवायची. मग अण्णा कालच्या वर्तमानपत्राचं एक पान त्याच्या कमरेखाली सरकवतात आणि हळूच ओढतात. पान अलगद बाहेर आलं की त्यांचा चेहरा पडतो.

"गॅप आहे," ते म्हणतात. पाहुणा घाबरतो. आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत या दोन शब्दांनी माणसं जितकी हादरली आहेत, तितकी डॉक्टरांच्या रिपोर्टांनी हादरली नसतील.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. रबाळ्याच्या एका कारखान्यात फोरमन म्हणून रिटायर झाले. अवाढव्य यंत्रं जमिनीवर नीट बसवण्यात त्यांची हयात गेली. "मशीनचा बेड टेकला पाहिजे राव. खाली गॅप राहिली की मशीन थरथरणार, आणि थरथरली की बेअरिंग गेलं म्हणून समजा." कारखान्यात ही फट मोजायला पातळ पोलादी पात्यांची जुडी असायची. माणसाला वर्तमानपत्र चालतं, असा त्यांचा शोध होता.

या शोधामागे शालनवहिनी होत्या, अण्णांची बायको. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेची चकती सरकली. घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी खुर्चीत बसवून उतरवायचं. आता घरातल्या घरात हिंडत होत्या, पण जिना नव्हता जमत. त्यांची इच्छा एकच. दिवाळे गावच्या मासळी बाजारात जाऊन स्वतःच्या हातानं मासळी निवडायची. त्या मालवणकडच्या. अण्णांना माशातलं काही म्हणजे काही कळत नाही. दोन वर्षं ते जी मासळी आणत होते ती वहिनी गपचूप शिजवत आणि गपचूप टाकून देत.

"दसऱ्याच्या आत हिला दिवाळ्याला नेणार," अण्णा सगळ्यांना सांगत. आम्ही मान डोलवायचो. तो जिना आम्हीही चढत होतो ना.

यात मी कसा आलो? पोटामुळे. माझ्या मेहुण्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली. तिच्यात आधी माझं पोट येतं, मग मी. "तेवढं पुढं पळवा," मंदा, म्हणजे आमची ही, पाहुण्यांसमोर म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाय लोखंडी कपाटाखाली अडकवले, हात मानेमागे गुंफले आणि सिटअप सुरू केले. सातव्या वेळी अर्धा उठलो आणि तिथेच राहिलो. ना वर, ना खाली. मंदानं अण्णांना हाक मारली.

अण्णांनी दारातूनच निदान केलं. "पाय अडकवायला कुणी सांगितलं?"

"टीव्हीवर दाखवतात..."

"पाय अडकवले की पोट सुट्टीवर जातं. ओढायचं काम मांड्या करतात आणि मार कमरेला बसतो. आणि मान कशाला उपसताय? मान म्हणजे काय हापसा आहे?"

दोन आठवडे मी पडून होतो. मग डॉक्टरांनी हलका व्यायाम करायला हरकत नाही म्हटलं आणि अण्णांनी माझा ताबा घेतला. रोज सकाळी साडेसहाला सतरंजीवर. पहिले काही दिवस फक्त एकच काम. श्वास सोडत बेंबी आत घ्यायची आणि कमर कागदावर टेकवायची. ते जमलं तेव्हा एक टाच जमिनीवरून हळूहळू पुढे सरकवायची, परत आणायची, मग दुसरी. दोन्ही पाय सरळ ठेवून एकदम वर उचलायला सक्त बंदी. शेवटी डोकं आणि खांदे जरासे वर.

मी उत्साहानं जास्त उठलो की अण्णा म्हणत, "बास, बास. कुठं जायचंय तुम्हाला?"

एक नियम मात्र मला कळत नव्हता. मोजायचं नाही. मी सवयीनं "एक, दोन" म्हटलं की अण्णा चिडत. "आकडा तोंडातनं काढायचा नाही! कागद सुटला की थांबायचं. कमर सांगेल तेवढंच." जन्मभर कामगारांना टार्गेट देत आलेला माणूस, आणि याला आकड्यांचं वावडं! पण मी पडलो विद्यार्थी. आडवा पडलेला विद्यार्थी काय वाद घालणार?

एके दिवशी व्यायाम आटोपून चपला घालत होतो. आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. "हा टाचेचा प्रकार पेडणेकरवर आठ दिवस चालवून बघितला. काही मोडलं नाही. तुझ्या बाईंनीही हाच सांगितलाय. आता तू करायला हरकत नाही."

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंवर या माणसाचा पूर्ण विश्वास नव्हता. त्यांनी वहिनींना सांगितलेला प्रत्येक प्रकार आधी माझ्यावर होत होता!

"अण्णा, मी ट्रायल पीस?" मी आत जाऊन विचारलं.

त्यांना जराही लाज वाटली नाही. "मग काय राव? पहिला पीस थेट गिऱ्हाइकाला देतात काय?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "भावोजी, रागावू नका. तुम्ही टिकलात म्हणून मी टिकले."

मी रागावलो नाही. उलट त्या दिवसापासून जबाबदारीनं आडवा होऊ लागलो. माझ्या कमरेवर आता दोन संसार अवलंबून होते.

गणपती झाले आणि एका सकाळी अण्णांनी कागद ओढला, तर तो आलाच नाही. त्यांनी जोर लावला. टर्रकन आवाज झाला. अर्धं पान त्यांच्या हातात, अर्धं माझ्याखाली.

"फाटला! पेडणेकर, फाटला!" अण्णा ओरडले. समोरच्या बाई काय फाटलं ते बघायला धावत आल्या.

पुढच्याच आठवड्यात सकाळी आमची बेल वाजली. अण्णा दारात. त्यांनी खिशातून घडी घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढला. एक कड फाटलेली. "हिचा," एवढंच म्हणाले.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी वहिनी जिना उतरल्या. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी, दारांत माणसं. एक हात कठड्यावर, पोट आत, श्वास सोडत एकेक पायरी. पहिल्या मजल्यावर कुणीतरी हौसेनं पायऱ्या मोजायला लागलं, तर अण्णा गरजले, "आकडा नको!" शेवटच्या वळणावर वहिनी थांबल्या. कपाळावर घाम.

"बास," अण्णा म्हणाले. "परत जाऊ या का? चालेल."

"मांदेली काय वर चालत येणार?" वहिनी म्हणाल्या, आणि उतरल्या. खाली टाळ्या अशा वाजल्या की वॉचमन शिट्टी वाजवत धावला.

रिक्षात वहिनींच्या पाठीला उशी, शेजारी मंदा. मागच्या रिक्षात मी आणि अण्णा. दिवाळ्याला पोचल्यावर वहिनी कमरेतून न वाकता गुडघे दुमडून टोपलीसमोर बसल्या आणि एकेका माशाचे कल्ले उघडून बघू लागल्या. कोळीणबाई खूश. "तू व्हय याची बायको? मी ताजी दावते, हा बाबा शिलीच उचलतो! त्याला कायपन कलत नाय."

आम्ही दोघे पिशव्या धरून मागे उभे. अण्णा समोर बघतच बोलले. "मुलाचं लग्न होतं. ही म्हणाली, जरा पोट कमी करते. मी मासिकातला तक्ता भिंतीवर लावला. रोज पन्नास सिटअप. हिचे पाय मीच दाबून धरायचो. त्या दिवशी अडतिसाला ही म्हणाली, बास. मी म्हटलं, बाराच राहिले."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यातला पहिलाच उठताना गेली कमर. दोन वर्षांत एका शब्दानं बोलली नाही मला."

तिकडे मांदेलीचा वाटा निवडून झाला होता. "बास," वहिनी म्हणाल्या. कोळीणबाईनं मूठभर आणखी उचलली. "घे गो, आजून थोरी!"

अण्णा एकदम पुढे झाले, हात आडवा करून. "बाई, ती बास म्हणाली ना? मग बास!"

वहिनींनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती फुकट देतेय. पिशवी उघडा."

अण्णा गुडघे दुमडून त्यांच्या शेजारी बसले, आणि दोन्ही हातांनी पिशवी धरून राहिले.