पेडगावच्या बिस्किटपशूंची मोहीम

गावच्या मारुतीरायास दंडवत घालून, आणि या हकीकतीत ज्यांची फजिती आहे त्यांची मुळीच क्षमा न मागता, लिहिण्यास आरंभ करितो. शके अठराशे एकोणऐंशी, हेमलंबी नाम संवत्सर, श्रावण वद्य अमावास्या, पोळ्याचा सण. ते दिवशी परभणी तालुक्यातील मौजे पेडगाव येथे बिस्किटांवरून जे रण माजले, त्याचा हा मजकूर. निजामशाही बुडाली, निजामाचा हाली शिक्क्याचा रुपया गेला, मुलूख हैदराबादेहून तुटून मुंबईस जोडला गेला, तरी देशमुखांच्या कोठीघराचा अंमल काही बदलला नव्हता. लोक वेड पांघरून पेडगावला जातात ऐसे म्हणतात. खुशाल यावे, मात्र पांघरूण घरी ठेवावे. येथे वेड उघड्यावरच नांदते.

कोठीघराच्या किल्ल्या आबासाहेब देशमुखांच्या कुटुंब पार्वतीबाईसाहेब यांच्या कमरेस होत्या. आबासाहेब चावडीवर वाघ, परंतु सुपारीचे खांड पाहिजे जाहले तर त्यांसही कोठीच्या दारी अर्जदार होऊन उभे राहावे लागे. त्यांची एकुलती सून सौभाग्यवती कोकिळाबाई, माहेर हैदराबादेचे, लग्नास चार वर्षे जाहली, तरी चिमूटभर हिंगासाठी पदर पसरावा लागे आणि चार बाया ऐकतील ऐशा आवाजात बोलणी खावी लागत. वाचणारास हसू येईल. तिला येत नसे. ती चुलीपुढे बसून रडे, आणि धुराने डोळे आले म्हणून सांगे.

त्याउपरि एके दिवशी सुनेने सासूस बोलून दाखविले की, आमचे माहेरी साखरेची बिस्किटे घरी करितात. हे ऐकून बाईसाहेबांचा मस्तकशूळ उठला आणि त्यांनी भर ओसरीवर फर्मान काढिले की, पोळ्यास सारा गाव चहास येतो, त्यास तुझी बिस्किटे खाऊ घाल. परात रिकामी जाहली तर किल्ल्या तुझ्या. बिस्किटे उरली तर पुन्हा जन्मभर कोठीचा उंबरा पाहणे नाही. सुनेने विडा उचलिला. आबासाहेब पानाला चुना लावीत होते, ते लावीतच राहिले.

बैलांचा सण, सबब बिस्किटेही जनावरांच्या आकाराची करावी, ऐसी मसलत कोकिळाबाईस सुचली. मग टिनकाम करणारा वाल्मीक यास पाचारण करून घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचे साचे कापविले. वाल्मीक हा थोर कलावंत. त्याचा घोडा शेळीसारखा, वाघ गालगुंड जाहलेल्या मांजरासारखा, आणि हत्ती व उंदीर एकाच मापाचे. मग कणीक वस्त्रगाळ केली, साखर दळिली, आणि तूप बाईसाहेबांनी असे मोजून दिले जैसे आपल्याच अंगाचे रक्त काढून देतात. मग पातेल्यात वाळू घालून, खाली निखारे आणि वर झाकणावर निखारे, ऐसा तोफखाना रचिला. पहिल्या फळीचे हत्ती जळून कोळसा जाहले. दुसरी फळी कच्ची राहून ताटासच चिकटली, आणि बाईसाहेब दारात उभ्या राहून गालात हसल्या. परंतु कोकिळाबाईने धीर सोडिला नाही, आणि तिसरी फळी अशी खरपूस उतरली की वेलदोड्याचा वास पार वेशीपर्यंत गेला.

तिसऱ्या प्रहरी बैल मिरवून गाव देशमुखांचे ओसरीवर दाखल जाहला. चहा आला, परात आली, आणि गाव परातीभोवती बसला. पहिला मान लिंबाजी सालगड्याचा. त्याने बैल उचलिला, पाहिला, आणि जपून खाली ठेविला.

"आवो, आताच याच्या पाया पडून आलो. आन् आता याचं मुंडकं मोडू का?"

हाच लिंबाजी वर्षभर बैलास पराणीने टोचतो आणि लंगडा जाहला तरी औतास जुंपितो. परंतु साखरेच्या बैलापुढे त्याची दया उचंबळून आली. मग जो तो शास्त्री जाहला. हत्ती आणि उंदीर गणपतीचे, आणि गणपती तर चार दिवसांवर आले. घोडा आणि कुत्रा खंडोबाचे, वाघ तुळजापूरच्या आईचा, मोर सरस्वतीचा. गाढव तरी निर्धोक असेल म्हणून कोणी हात घातला, तो शेजारच्या गोजरबाई गरजल्या की, ते शीतलादेवीचे आहे, घरात लेकरे आहेत, खबरदार. शेवटी रेडा उरला. तो कोणाचा, हे सर्वांस ठाऊक होते, आणि त्याच्याकडे तर कोणी पाहीना. देवांनी एकही जनावर मोकळे सोडिले नव्हते. ज्या गावात देवळाच्या तेलात भेसळ होते, त्या गावाची ही भक्ती!

चहा निवत चालला. कोकिळाबाई खांबास धरून उभी होती. चार वर्षांत मिळालेली एकच संधी, आणि ती उंदराच्या भीतीने बुडते, हे पाहून तिचा जीव तुटला.

पार्वतीबाईसाहेबांनी येथे थांबावयाचे होते. परंतु जिंकणारास थांबणे ठाऊक नसते. त्या उठल्या आणि, "घाला हे म्हशीच्या दावणीत!" ऐसे म्हणून परात हिसकाविली आणि विजयाच्या तावात ओसरीच्या दगडावर अशी आदळिली की हत्तींच्या सोंडा, घोड्यांचे पाय, मोरांच्या माना, अर्धीअधिक फौज जागच्या जागी छिन्नभिन्न जाहली. गावाने हाय खाल्ली.

कोकिळाबाईने क्षणभर पाहिले. मग पदर सावरून गावचे पुरोहित राधाकिशनभट यांचेपुढे जाऊन विचारिले की, मूर्ती खंडित जाहली असता शास्त्र काय सांगते? भटजी दुपारपासून परातीकडे पाहून आवंढे गिळीत होते. ते म्हणाले, खंडित मूर्तीत देव राहत नाही. तिचे उदकात विसर्जन करावे. मग उदक कोठे, हा प्रश्न पडला. ओढा लांब, वाटेत गुडघाभर चिखल. तेव्हा तिने चहाची कपबशी भटजींपुढे सरकविली.

"चहातबी पाणीच असतंय ना, महाराज?"

भटजींनी कपात नाक घालून बहुत विचार केला आणि निर्णय दिला की, असते. मग हत्तीचा मागील भाग चहात विसर्जित केला, आणि, हे विसर्जनाचे तीर्थ, तीर्थ टाकू नये, ऐसे म्हणून तो तोंडात टाकिला. त्यांचे डोळे मिटले. ते उघडले तेव्हा हात दुसऱ्या हत्तीवर होता.

मग काय विचारता! सारा गाव धर्मकार्यास तुटून पडला. जे पशू धडधाकट होते त्यांस लोकांचे धक्के चुकून लागू लागले. लिंबाजीच्या बोटाने बैलाचे शिंग चुकून मोडले, आणि मग दुसऱ्या बैलाचेही चुकून मोडले. गोजरबाईंनी लेकरांसाठी म्हणून तीन गाढवे ओटीत बांधिली. यमाचा रेडा दोघांनी ओढाताण करून खंडित केला आणि वाटून खाल्ला. घटकाभरात परातीत चुराही उरला नाही. आबासाहेबांनी तळ बोटाने पुसून चाटिला, आणि मग बायकोकडे पाहून बोट धोतरास पुसले.

पार्वतीबाईसाहेबांनी रिकामी परात पाहिली. शब्द भर ओसरीवर दिलेला, तो गिळावयास जागा नव्हती. त्यांनी कमरेचा जुडगा सोडिला आणि सुनेच्या पायांपाशी टाकिला. सुनेने तो वाकून उचलिला आणि कमरेस असा घट्ट खोविला की चालताना गावास खणखण ऐकू जावी.

पुढे आठ दिवसांनी पार्वतीबाईसाहेब कोठीच्या दारी येऊन उभ्या राहिल्या आणि गुळाचा एक खडा मागितला. कोकिळाबाईसाहेबांनी मान वर न करिता, चार बाया ऐकतील ऐशा आवाजात विचारिले:

"परवाच दिला व्हता की, आत्याबाई. येवढा गूळ जातो तरी कुठं?"

येणेप्रमाणे कोठीघर फत्ते जाहले, आणि राज्य पूर्ववत चालू राहिले.