शुभवर्तमान आणि गावकीचा नारळ

आमच्या धोंडूतात्यांनी शुभवर्तमानातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला नारळाचा दंड ठोठावलेला आहे.

पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला आमची वाडी. मी इथला शाळामास्तर आणि तात्या गावकीचे मुख्य. कोणाचा बांध सरकला, कोणाची शेळी कोणाच्या वरीत घुसली, सगळ्याचा निकाल गावकीच्या बैठकीत लागतो आणि चुकलेल्याने पंचांपुढे नारळ ठेवायचा. निकाल देऊन देऊन तात्यांना अशी सवय झालीय की निकाल दिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

तात्यांच्या धाकट्या मुलाने, सुनीलने, मुंबईत एका ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं, तेव्हा तात्यांनी स्वतः बैठक बसवून पोटच्या पोराला गावकीतून काढलं. "वाळीत टाकलं म्हनू नका हां, गुरुजी. कायदा हाय. बोलनं बंद हाय, येवढंच." कायद्याचा इतका आदर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शिमग्याला तात्या देवापुढे गाऱ्हाणं घालतात, वाडीतल्या आणि मुंबईतल्या एकेका घराचं नाव घेऊन. त्यातून सुनीलचं नाव गेलं. तेव्हापासून तो गावाकडे फिरकला नाही.

मग सुनेच्या धर्मात खोट काढायची म्हणून तात्यांनी महाडहून चष्मा करून आणला आणि कुठून तरी येशूच्या गोष्टींचं मराठी शुभवर्तमान मिळवलं. रोज संध्याकाळी शाळेच्या पायरीवर अभ्यास. श्रोता मी, कारण मला शाळा सोडून पळता येत नाही.

"हा मेंढपाळ बघा. एक मेंढरू हरवलं म्हनून बाकीची माळावर टाकून गेला! बिबट्या काय रजेवर हाय? ठेव नारळ!"

सकाळी आलेल्याला आणि दिवस मावळताना आलेल्याला सारखीच मजुरी देणारा द्राक्षमळ्याचा मालक भेटला, तेव्हा तर तात्या उठूनच उभे राहिले. "पुढल्या साली लावनीला सकाळच्याला कोन येल ह्याच्याकडं?" शेजाऱ्यावर प्रेम करा, हे वाचून मात्र त्यांना येशूची दया आली. "बांधाला बांध लागून जमीन नसनार बिचाऱ्याची."

एका गोष्टीपाशी मात्र गाडं अडलं. वाटणी घेऊन गेलेला, सगळं उधळून परत आलेला मुलगा आणि त्याला लांबून बघताच धावत सुटलेला बाप. हा खटला तात्या रोज नव्याने उभा करायचे.

"बापानं धावायचं असतं का? पोरानं आधी बैठकीत यावं, पाया पडावं. बापावर रुसलेला त्याचा थोरला भाऊ बरोबर बोलतोय."

"मग बापाला दंड?"

"दंड तर हायच," असं म्हणत पुन्हा तेच पान.

एकदा मी वैतागून म्हणालो, "तात्या, तुमच्या सुनीलने तर काही उधळलेलंही नाही." त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. त्या दिवशीचा अभ्यास तिथेच संपला. मला वाईट वाटलं, पण बोललो ते बरंच झालं असंही वाटलं.

यंदाच्या शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, बसली आणि तात्यांनी गाऱ्हाण्याला सुरुवात केली. घरामागून घर, आणि दर नावाला पुरुषांचं "होय म्हाराजा!" तात्यांची बायको, आमच्या काकी, दरवर्षीसारख्या बायकांच्या मागे पदर तोंडाशी धरून उभ्या. तात्या स्वतःच्या घरापाशी आले, थोरल्याचं नाव घेतलं आणि थांबले.

"आनि मुंबईला आमचा सुनील हाय. त्याची बायको सिसिलिया हाय. त्येंला सुखी ठेव रे म्हाराजा."

सुनेचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कोणीच होय म्हणेना.

शेवटी एक पंच चाचरत म्हणाला, "तात्या, ते नाव काढल्यालं हाय. तुमीच काढलंय."

"ठावं हाय मला."

तात्यांनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढून पंचांपुढे ठेवला. म्हणजे घरूनच घेऊन निघाले होते.

"बापाची चूकच हाय. दंड घ्या, नाव ऱ्हाऊ द्या."

आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका होय म्हणत नाहीत. त्या दिवशी पहिला "होय म्हाराजा" काकींचा होता. दुसरा माझा.