स्वतंत्र असल्याचा दाखला

मार्लिस हेगडॉर्न यांना सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या अधिकृत चर्चमधून बाहेर पडून अकरा वर्षं झाली होती आणि त्यांच्यावर आता कोणाचंही नियंत्रण नव्हतं, हे प्रथम नमूद करणं आवश्यक आहे. तिथली मनाची शुद्धी करायची विद्या मात्र त्यांनी सोडली नव्हती. ती घरच्या घरी, कोणाला न विचारता करता येते, असं त्यांचं मत. त्यावर त्यांनी ‘परवानगीशिवाय’ नावाचं पुस्तक लिहिलं. खरं कारण वेगळंच होतं. मुलगी टेस अजून आतच होती आणि आई बाहेर पडली त्या दिवसापासून तिनं पंथाच्या नियमाप्रमाणे अबोला धरला होता. पत्रं न फोडता परत यायची. निदान पुस्तक तरी तिच्या हाती पडेल, एवढीच वेडी आशा!

फ्लोरिडातल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात बाहेर पडलेल्यांचं एक मंडळ होतं. दर मंगळवारी सकाळी पॅनकेकच्या हॉटेलात भरायचं. मंडळाची स्वतंत्र पुस्तकांची यादी आतले लोकही चोरून वाचतात, अशी बोलवा होती. मार्लिसबाईंना त्या यादीत यायचं होतं.

“एवढंच ना? होऊन जाईल,” अध्यक्ष ड्वेन पाकाची बाटली पुढे सरकवत म्हणाले. “फक्त पुस्तक स्वतंत्र असल्याचा दाखला लागेल.”

“तो कोण देतं?”

“आपणच की! बाहेरच्या कुणाचा दाखला आपण कशाला घेऊ?”

अर्ज तीन प्रतींत होता. कलम चारप्रमाणे, मंडळाच्या मताशी न जुळणारा मजकूर आढळल्यास पुस्तक स्वतंत्र समजले जाणार नव्हते. तिसऱ्या प्रकरणात तसा मजकूर आढळला. बाहेर पडलेली माणसंसुद्धा जुन्या सवयीनं एकमेकांविरुद्ध अहवाल लिहितात, असं बाईंनी म्हटलं होतं. या बिनबुडाच्या आरोपाविरुद्ध सहा सभासदांनी तातडीने अहवाल लिहिले.

मग तपासणी. मनातलं लपलेलं पकडायच्या, पंथातल्याच यंत्राचे दोन पत्र्याचे डबे दोन हातांत धरायचे, समोरच्यानं प्रश्न विचारायचा आणि काटा हलतो का ते बघायचं, ही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली रीत. पुस्तकाला डबे धरता येईनात, म्हणून ते लेखिकेला दिले.

“मंडळापासून काही लपवताय?” ड्वेननी विचारलं. काटा हलला.

“अहो, माझे पॅनकेक गार होताहेत, ते मनात आलं!”

“मंडळापेक्षा पॅनकेक महत्त्वाचे. घ्या लिहून.”

निर्णय झाला: तिसरं प्रकरण काढावं आणि शेवटी लेखिकेचा कबुलीजबाब जोडावा.

बाईंचं डोकंच सणकलं. “हेच करायचं होतं, तर मी तिकडे काय वाईट होते? तिथे गाडी लावायला जागा तरी होती!”

पुस्तक त्यांनी तसंच छापलं. मंडळ बहिष्काराच्या तत्त्वतः विरोधात असल्यामुळे, यापुढे कोणीही त्यांच्याशी ‘स्वेच्छेने’ बोलणार नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. पुढच्या मंगळवारी त्यांच्याशी बोलली ती फक्त वेटरबाई, आणि तेही कॉफी आणखी हवी का एवढंच.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, फोन वाजला.

“आई, मी टेस.”

बाईंनी आधी गॅस बंद केला.

“तुझं पुस्तक वाचलं. मंडळाच्या यादीत नव्हतं ना, म्हणून म्हटलं यात काहीतरी असणार. मी बाहेर पडले गं.”

बाई रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. अकरा वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. टेसही रडली. मग म्हणाली, “मीपण पुस्तक लिहिलंय, आई. सगळं लिहिलंय. तुझ्याबद्दलसुद्धा.”

बाईंचं रडणं थांबलं. “माझ्याबद्दल काय?”

“जे झालं ते.”

“छान केलंस हो राणी,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “फक्त छापायच्या आधी मला एकदा दाखव. तसं काही नाही, आपली एक नजर टाकते.”

पलीकडून फोन बंद झाला.

बाईंचं काय चुकलं ते तुम्हाला लगेच कळलं असेल. तरी एकदा आपल्या मुलांना विचारून खात्री करून घ्या.