अस्वलदादा ऑफिसला जातात

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर वर्गाच्या बाईंनी विचारलं, "मुलांच्या जोडीने बसून वाचावं असं तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?" गटार दुरुस्ती विभागातला आपला कारकून एरवी या ग्रुपवर मेल्यासारखा पडून असे. पण दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदम सहा पुस्तकांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे टीव्ही नाहीच!' कारकुनाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने उत्तर ठोकलं, "'अस्वलदादांची आदर्श दिनचर्या'. आमची लेक हसून हसून गडाबडा लोळते. प्रत्येक आईबापाने वाचलंच पाहिजे."

लेक लोळत होती हे खरं. पण ज्याला हसून लोळत होती, ते पुस्तकात नव्हतं.

पुस्तक मामीने वाढदिवसाला दिलेलं. अस्वलदादा पहाटे उठतात, दात घासतात, अंथरुणाची घडी घालतात, झाडांना पाणी घालतात आणि वेळेवर झोपतात. बस्स. शेवटच्या पानावर अस्वल झोपतं, तोवर वाचणारा केव्हाच झोपलेला असतो. लेकीला अजून धड वाचता येत नव्हतं, याचा फायदा घेऊन कारकुनाने एकदा वाचलं, "अस्वलदादा पहाटे उठले, खिडकीबाहेर बघितलं, आणि पुन्हा आडवे झाले." लेक खिदळली. मग काय, अस्वलदादा दुपारी ऑफिसला जायला लागले. तिथे एक खार गळक्या ढोलीचा अर्ज घेऊन रोज येई. अस्वलदादा पेन्सिलीने कान खाजवत, "बघू, करू, उद्या या," म्हणत आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकून त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवत. हे अस्वल म्हणजे कारकुनाचे साहेब. त्यांनी त्याच्या बढतीचा कागद कित्येक महिने असाच दाबून ठेवला होता. दिवसभर "हो साहेब, हो साहेब" करायचं आणि संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन साहेबांचं अस्वल करायचं, यात त्याला जे सुख मिळे ते पगारातही नव्हतं. (पगाराचं म्हणाल, तर त्यात सुख कुठून असणार!)

त्याच्या त्या एका मेसेजने दुकानातल्या प्रती संपल्या. टेबल डुगडुगू नये म्हणून दुकानदाराने पायाखाली घातलेली प्रतसुद्धा कोणीतरी ओढून नेली. आणि मग तक्रारी सुरू झाल्या.

"भाऊ, यात हसायचं कुठल्या पानावर असतं?" सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या शेजाऱ्याने जिन्यात गाठून विचारलं. "मी शेवटपर्यंत दम धरला. अस्वल झोपलं हो!"

"वाचायची एक पद्धत असते," कारकून म्हणाला.

इथेच तो चुकला. शेजाऱ्याने ते ग्रुपवर टाकलं, आणि बाईंचा निरोप आला, "मग शनिवारी वर्गात येऊन सगळ्यांना वाचून दाखवा ना!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अस्वलदादा पडले होते.

"तुमची मुलगी आणि आमची नात एका वर्गात आहेत, हे तुम्ही कधी बोलला नाहीत," साहेब म्हणाले.

"मला तरी कुठे माहीत होतं, साहेब!"

"नात म्हणते, यात ऑफिसला जाणारं अस्वल आहे. मी दोनदा वाचलं. सापडेना." साहेबांनी पेन्सिल उचलून कान खाजवला. "शनिवारी मी स्वतः येतोय ऐकायला."

कारकुनाचं जेवणावरचं लक्ष उडालं. बढती तर गेलीच, आता टेबलही सांडपाण्याच्या पंपाशेजारी जाणार, हे त्याला स्पष्ट दिसू लागलं. एकच उपाय होता. शनिवारी निघताना त्याने लेकीला बजावलं, "आज बाबा फक्त छापलेलं वाचणार. मध्ये बोलायचं नाही."

"म्हणजे खोटं खोटं वाचणार?" लेकीने विचारलं.

वर्गात कारकुनाच्या बायकोसकट सगळे पालक मुलांच्या इवल्याशा खुर्च्यांवर अंग चोरून बसले होते. साहेबांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. कारकुनाने घसा साफ केला. "अस्वलदादा पहाटे उठतात. दात घासतात..."

मुलं चुळबुळली. घडी घालेपर्यंत दोघांची मारामारी सुरू झाली. झाडांना पाणी घालताना साहेबांच्या नातीने भोकाड पसरलं, "हे नाही! ऑफिसचं वाचा, काका!"

लेकीला मैत्रिणीचं रडणं बघवेना. ती ताडकन उठली. "बाबा, चुकलास तू! अस्वलदादा उठतच नाहीत!" आणि बाईंच्या टेबलावरची पेन्सिल घेऊन तिने कान खाजवला. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बघू, करू, उद्या या!" (मधल्या सुट्टीत तिने अख्खी गोष्ट सगळ्यांकडून आधीच पाठ करून घेतली होती.) मग ड्रॉवर झाला, डबा झाला, खार रडत घरी गेली. पालक पोट धरून हसत होते. कारकून भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहिला.

डोळे उघडले तेव्हा साहेब समोर होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हुबेहूब हो, हुबेहूब!" त्यांनी कारकुनाच्या पाठीवर थाप मारली. "स्वतःवर इतकं हसायला मोठं मन लागतं. तो डबा, ती डुलकी... मी रोज काचेतून बघतो ना तुम्हाला! तुमच्या कागदावर मी सही का करत नाही, हे कसं सांगावं, असा मला प्रश्न पडला होता. तुम्हीच चारचौघांत सांगून टाकलंत. बरं झालं."

घरी येऊन दार लावल्यावर कारकुनाचा बांध फुटला. "बघितलंस? त्या माणसाला वाटतंय की ते अस्वल म्हणजे मी!"

बायको चपला काढता काढता थांबली. "मग कोण होतं?"

"कोण म्हणजे? साहेब!"

"साहेब?" बायको गोंधळली. "गोष्टीत साहेब पण होते?"

"होते ना, आई," लेक समजूत घालत म्हणाली. "साहेब म्हणजे ती खार. रोज बिचारे फाइल मागायला येतात आणि अस्वल देतच नाही. माझ्या मैत्रिणीला तिच्या आजोबांनीच सांगितलं, आत्ता वर्गात."