गावंडेकाका हवेत आहेत

गावंडेकाका विमान चालवायला बसले की आधी खिडकी बंद करायचे. घराची नव्हे, विमानाची.

म्हणजे असं की, कम्प्युटरवर विमान चालवायचा जो खेळ असतो, त्यात पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात घड्याळांसारखे गोल काटे असायचे. उंचीचा, वेगाचा, दिशेचा, असे सगळे सपाट, एका ओळीत, पाटीवर मांडल्यासारखे. वरच्या अर्ध्या भागात विमानाची समोरची काच, आणि काचेतून आभाळ, डोंगर, धावपट्टी. सारं जग हा खेळ त्या वरच्या अर्ध्यासाठी खेळतं. आमच्या काकांनी त्याच्यावर खताच्या दुकानात फुकट मिळालेल्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटपट्टीनं चिकटवून टाकला होता.

"काका, बाहेरचं दिसन कसं?" मी एकदा विचारलं.

"पायलटनं बाहेर पाहाचं कायले? बाहेर पाहाले पाशिंजर बसले हायेत ना मांगं! आपल्याले काटे देल्ले, आपण काटे पाहाचे. नजर इकडं तिकडं गेली का वजन चुकलं समज."

विमानात वजन कुठून आलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. काका एकतीस वर्षं अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. कापसाची गाडी आली की ती मोठ्या काट्यावर चढायची, काका काट्याच्या बरोबर समोर उभे राहून आकडा मोठ्यानं सांगायचे, आणि त्या आकड्यावर कधी कोणी वाद घातला नाही. 'काटा काय म्हणते?' हा त्यांचा प्रश्न जगातल्या प्रत्येक गोष्टीला लागू होता. कोणाला ताप आला, काटा काय म्हणते? पोरीला स्थळ आलं, काटा काय म्हणते? म्हणजे पत्रिका.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गाड्या कमी झाल्या. जिनिंगची आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं. काका घरी आले आणि तीन महिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले. त्यांची मुलगी वैशाली तेव्हा नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. तिनं आपला कॉलेजचा कम्प्युटर मागं ठेवला, त्यात हा खेळ टाकून दिला आणि म्हणाली, "बाबा, याच्यात सहा काटे हायेत." संपलं! काका त्या दिवशी जे वर गेले, ते जेवायलाच खाली आले.

माझं कम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि घर काकांच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे त्यांच्या विमानसेवेचा मी आपोआपच इंजिनीअर झालो. विमानसेवेचे नियम कडक होते. उड्डाणाआधी काका उभं राहून काकूंना सूचना द्यायचे, "पट्टा बांधा." काकू तवा घेऊन म्हणायच्या, "मी भाकरी करून राहिली, पट्टा कुठी बांधू?" विमान वर चढत असताना चहा मागायचा नाही आणि द्यायचाही नाही. उतरत असताना कुकरची शिट्टी चालायची नाही.

त्यांच्या उतरण्याबद्दल न बोललेलंच बरं. एकदा मी गेलो तर विमान नागपूरच्या धावपट्टीच्या अलीकडेच एका टेकडीत घुसलेलं. पुठ्ठ्याखाली सगळे काटे शांत उभे. मी म्हटलं, "काय झालं?"

काका जरा विचार करून म्हणाले, "काटा बरोबर होता. जमीन चुकली."

त्यात लोडशेडिंग. आमच्याकडे तेव्हा वीज यायची ती पाहुण्यासारखी, आणि चहा घेऊन लगेच निघायची. वीज गेली की यूपीएस टूं टूं करायला लागायचा आणि काकांना अकरा मिनिटांत मिळेल तिथं उतरावं लागायचं. त्या काळात ते दोनदा बंगालच्या उपसागरात उतरले. दोन्ही वेळा पाय धुऊन जेवायला बसले.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो टेलिफोनमुळे. काकांच्या हिवरखेडच्या चुलतभावानं फोन केला. काकूंनी उचलला.

"दादा हायेत का?"

"ते वर गेले..." काकू म्हणाल्या. पुढं 'अर्ध्या तासानं उतरतीन' असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण तोवर फोन कटला होता.

दुपारी दोनला दारात जीप थांबली. जीपमधून चौदा माणसं उतरली. बायकांनी उंबऱ्यावरच हंबरडा फोडला. काकू स्वयंपाकघरातून पळत आल्या आणि कोण गेलं ते न कळताच त्याही रडायला लागल्या. मी भिंतीवरून डोकावलो. आतून काकांचा आवाज आला, "आवाज नोका करू! लँडिंग चालू हाय!"

चुलतभाऊ तिथंच मटकन खाली बसला. काकांनी शांतपणे विमान उतरवलं, इंजिन बंद केलं, बाहेर आले आणि चौदा जणांकडे पाहून म्हणाले, "आले त आले, आता जेवून जा."

असं तीन वर्षं चाललं. मग एका दुपारी वीज आली ती एकदम जोरात आली आणि कम्प्युटरमधून धूर निघाला. मी उघडून पाहिलं. जळालेल्याला काय दुरुस्त करणार! वैशालीनं पुण्याहून नवा पाठवला, खेळाची नवी सीडीही पाठवली. मी सगळं जोडून दिलं आणि खेळ सुरू केला. काका पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन तयारच होते.

पण पुठ्ठा लावायचा कुठं? पडद्यावर सपाट पाटी नव्हतीच. विमानाची अख्खी खोली होती. समोर काच, बाजूला दारं, वर छत. काटे होते, पण लांब, बारीक आणि तिरपे. खऱ्या विमानात बसल्यावर दिसतात तसे.

"हे काय करून ठेवलं बे?" काकांचा चेहरा पडला. "काटे तिरपे दिसून राहिले! काट्याच्या बरोबर समोर उभं राहा लागते. बाजूनं पाह्यलं का आकडा सरकते. हे काट्यावरच्या कोण्याई पोट्ट्याले समजते, या कंपनीवाल्याले समजत नाई?"

"काका, आता असंच असते. सपाट पाटीचा जमाना गेला. या जॉयस्टिकवरची ही घुंडी फिरवली का मान फिरते. पहा."

मी घुंडी फिरवली. पडद्यावरची खोली डावीकडे वळली. काकाही खुर्चीसकट डावीकडे वळले. मी उजवीकडे फिरवली, तर काका उजवीकडे इतके झुकले की काकूंनी मागून बनियन धरली. दहा मिनिटांत त्यांना गरगरायला लागलं. काकूंनी लिंबू कापून दिलं आणि म्हणाल्या, "तीन वर्षात एक डाव उलटी नाई झाली. खिडकी उघडली अन् लागलंच का नाई!"

मी म्हटलं, "जुनी पाटी लावता येते काका. एक बटण दाबलं का सपाट."

"लाव."

मी लावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. खाली पाहाले येते का?"

मी मान खाली केली. काकांनी पुढं वाकून निरखलं. मग घाबऱ्या आवाजात म्हणाले, "बाप्पा! माहे पाय कुठी हायेत?"

खरंच, खुर्ची होती आणि खुर्चीत कोणीच नव्हतं. खेळात पायलटला अंगच दिलेलं नव्हतं.

"मी नाई हाय त मंग इमान कोण चालवून राहिलं?" काकांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं. हसू दाबत मी त्यांच्या हातात घुंडी दिली. आता ते स्वतः फिरवू लागले. छत पाहिलं. मागची सीट पाहिली, पाशिंजर नाही म्हणून नाराज झाले. दाराची कडी पाहिली. मग घुंडी उजवीकडे फिरवली आणि थांबले.

उजवीकडे दुसऱ्या पायलटची सीट होती. रिकामी.

मला वाटलं, काहीतरी नवीन तक्रार निघणार. पण विमान धावपट्टीवर उभं, इंजिन घरघरतंय, आणि काका त्या रिकाम्या सीटकडे बघत बसलेले.

"सपाटमंदी हे दिसत नव्हतं," शेवटी ते म्हणाले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की जिनिंगमध्ये काट्याच्या उजव्या हाताला आणखी एक खुर्ची असायची. तिच्यावर रहमानभाई बसायचे. काका वजन सांगायचे आणि रहमानभाई कापसाची प्रत सांगायचे. बोंडातला कापूस चिमटीत धरून दोन्ही हातांनी हळूच ओढायचे, धागा किती लांब ते नजरेनं मापायचे, आणि त्यांचाही शब्द कोणी मोडला नाही. एकतीस वर्षं दोघांची शिदोरी एकत्र सुटली. जिनिंगला कुलूप लागल्यावर रहमानभाई अमरावतीला लेकीकडे राहायला गेले.

"मंग तुमी जात नाई का भेटाले?"

"गेल्तो एक डाव." काका पडद्याकडे पाहूनच बोलत होते. "साखरेनं त्याचे डोये गेले म्हणून समजलं होतं. दारापावतर गेलो. आतून त्याचा आवाज येऊन राह्यला होता, लेकीले पाणी मांगे. अन् मी वापस आलो."

"काहून?"

"काय बोलू त्याले? कापूस पाहणारा माणूस तो. त्याले काय विचारू, कसं दिसते म्हणून?"

काकूंनी लिंबाची सालं गोळा केली. मी बटणावरचं बोट काढून घेतलं. जुनी पाटी लावायचं मला कोणी पुन्हा सांगितलं नाही.

पुढल्या रविवारी सकाळच्या एसटीनं काका अमरावतीला गेले. दुपारी परतले ते रहमानभाईंचा हात धरून. उंच, हडकुळा माणूस, काळा चष्मा, पांढरी दाढी, आणि दारातूनच सुरू, "भाबी, ये गावंड्या मले जबरदस्ती घेऊन आला! म्हणते, इमानात बसवतो. मी म्हटलं, बुढाप्यात पागल झाला का बे?"

काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "बुढाप्यात नाई भाऊ, तीन साल झाले."

काकांनी स्वयंपाकघरातली लोखंडी खुर्ची आणून आपल्या उजवीकडे ठेवली, रहमानभाईंना बसवलं, आणि त्यांच्या कमरेला खरोखरच पट्टा बांधला. काकांचाच, पँटचा. मग विमान अमरावतीवरून उठलं आणि पश्चिमेला निघालं. मी मागं उभा होतो. काकू चहा घेऊन आल्या. विमान वर चढत होतं, तरी त्यांना कोणी परत पाठवलं नाही.

"आता कुठी हावो?" रहमानभाईंनी विचारलं.

काका ताठ झाले. "उंची दोन हजार. वेग एकशेदहा. दिशा..."

"अबे काट्याचं नोको सांगू. जिंदगीभर तेच ऐकलं तुह्या तोंडून. खाली काय हाय ते सांग."

काकांनी घुंडी फिरवली आणि खिडकीतून खाली पाहिलं. मीही पाहिलं. त्या खेळात वऱ्हाड नव्हतंच. सगळीकडे एकसारखे मळकट हिरवे-तपकिरी चौकोन, कापडावर ठिगळं जोडावीत तसे. गाव नाही, नदी नाही, झाड नाही. काकांनी घुंडी आणखी थोडी फिरवली.

"मूर्तिजापूर आलं," ते म्हणाले.

"टेसन दिसते का?"

"दिसते ना. गाडी उभी हाय."

काकू कपबशी हातात धरून पडद्याकडे पाहायला लागल्या. तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

"अन् आपली जिनिंग?"

"येऊन राह्यली... हे पाह्य, आली. चालू हाय. फाटकापासून पार सडकीपावतर गाड्याच गाड्या."

"अन् कापूस?" रहमानभाई खुर्चीत पुढं सरकले. "यंदा कापूस कसा हाय रे?"

त्या साली कापूस कसा होता, ते आमच्याकडे कोणाला विचारायची सोय नव्हती. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या मळकट चौकोनांकडे पाहत म्हणाले, "फुटला."

"कसा?"

"पांढराफट. तेल्हाऱ्यापासून इकडं पावतर. काळं वावर कुठी दिसूनच नाई राह्यलं."

रहमानभाईंचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले. चिमट्या जुळल्या आणि हवेतच हळूहळू लांब झाल्या.

"धागा लांब हाय?"

"आता ते मले काय समजते? ते तुहं काम हाय."

रहमानभाई हसले. "लांबच असंन. एवढा पांढरा म्हणजे लांबच." मग म्हणाले, "पण गावंड्या, साऱ्याईकडं कापूसच हाय त तू उतरशीन कुठी?"

"जागाच नाई ना."

"मंग नोको उतरू. मार अजून एक चक्कर."

काकांनी विमान डावीकडे वळवलं.