सातव्या ओळीवरचा रुमाल

बाळाराम काका फाइल सेव्ह करताना डोक्यावरची दोरी ओढतात. दोरी नसतेच. पण हात छताकडे जातो, दोनदा खाली येतो, तोंडातून "टिंग टिंग" निघतं आणि मग कुठं बोट बटणावर टेकतं. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाय, म्हणतात. कुणी काही चुकलं तर एकच "टिंग". म्हणजे थांबा.

मुरबाड-माळशेज रस्त्यावर ते लाल गाडीचे कंडक्टर होते, अख्खी नोकरी. रिटायर झाल्यावर बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर उचलला आणि बटणं दाबून दाबून स्वतःच शिकले. आता टोकावड्यात पडवीत बसून नोकरी शोधणाऱ्यांना एक्सेल शिकवतात. फुकट. पण भाषा एकच, बसची. टॅब म्हणजे "पुढं सरका", एंटर म्हणजे "खाली उतरा". दोन चौकोन जोडून एक केला की चिडतात. "दोन सीटवर एक माणूस? एवढा जाडा कोण हाय तो?"

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या कामामागे इकडे आले आणि कंपनीत पॅकिंगला उभी राहिले. सुट्टी होईस्तोवर पाय आपले राहत नाहीत. मुरबाडच्या क्लासला गेले होते, तर पहिल्याच दिवशी बाकावर झोप लागली. सर इंग्रजीत काय सांगत होते देव जाणे. काकांकडेही डुलकी यायची, पण ते कानाशी येऊन हळूच म्हणायचे, "टोकावडे, टोकावडे. उतरणारं हाय का कुणी?"

सरावाची फाइल म्हणजे बसमधल्या प्रवाशांची यादी. शिकायला येईल त्याला एक ओळ. नाव, कुठून, कुठं. माझी ओळ अकरावी. हिंगोलीपासून, आणि 'कुठं'च्या घरात काकांनीच लिहिलेलं, 'अजून ठरलं नाय'. सातव्या ओळीत मात्र कुणाचं नाव नाही, फक्त 'रुमाल'. खिडकीतून रुमाल टाकला की सीट धरलेली असते, तसं. एकदा चुकून मी तिथं टाइप केलं. एक "टिंग" झाली आणि काकांनी माझं खोडून स्वतःच्या हातानं परत 'रुमाल' लिहिलं.

मग आमच्याच कंपनीत गेटच्या ऑफिसात जागा निघाली. येणाऱ्या गाड्यांची नोंद, खुर्चीवर बसून. मला त्या खुर्चीचीच स्वप्नं पडत होती. साहेब म्हणाले, दहावी नाही, मग आत्ता करून दाखवा. यादीत नऊ गाड्या, गेटवर आलेल्या चिठ्ठ्या आठ. नववी आलीच नव्हती. मी ती ओळ मोकळी ठेवली आणि काकांसारखं तिथं 'रुमाल' लिहिलं. वर दोरीही ओढली.

साहेबांनी विचारलं, हे काय?

म्हटलं, "गाडी यायचीय, साहेब. तिची जागा धरून ठेवलीय."

साहेब हसले आणि म्हणाले, सोमवारपासून या.

मी तशीच पडवीत गेले. काकांनी बातमी ऐकून इतक्यांदा बेल मारली की गाडी घाटात पोचली असती. माझ्या ओळीतलं 'अजून ठरलं नाय' खोडून 'गेट ऑफिस' लिहिलं. मला धीर आला. विचारलं, सातवी सीट कुणाची?

ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "आमच्या पोरीची, सुनंदाची. दहावी झाल्यावर म्हणत होती, मुरबाडला कॉम्प्युटर शिकायला जाते. मी म्हटलं, पोरीच्या जातीला काय करायचाय? सगळ्या मुरबाडचं तिकीट फाडलं गो मी. तिचंच नाय फाडलं."

ती आता सुरतेला असते. फोन येतो. जेवलात का, विचारते आणि ठेवते.

"तिला सांगा ना, काका, तुम्ही शिकवता म्हणून."

"काय सांगू? आता उशीर झाला."

मी चपला घातल्या. वळून पाहिलं तर काकांनी फाइल बंद करायला घेतली होती. हात छताकडे गेला आणि दोरी एकदाच ओढली, आमचं कुणाचं चुकलं की ओढतात तशी.